तिसरा मजला, उजवीकडचं दार

१

अठरा वर्षं मी लोकांच्या घरची विजेची मीटरं वाचली. बेल वाजवायची, दारापासून एक पाऊल बाजूला सरून उभं राहायचं, दार उघडलं की "मीटर" एवढंच म्हणायचं. मग आतून कुणीतरी विचारायचं, "कोण आहे?" आणि दारातलं माणूस मान मागे वळवून सांगायचं, "कोणी नाही, मीटरवाले आहेत."

पहिली दोन-तीन वर्षं मला याचं हसू यायचं. पुढे राग यायला लागला. माझ्यासमोर, माझ्या तोंडावर, कोणी नाही! घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणायची, "अरे, बोलायची पद्धत असते ती. तू पण काय धरून बसतोस?" मी धरून बसणारा माणूस आहे हे तिला लग्नाआधीपासून माहीत होतं.

मग मीटरं स्वतःच आपले आकडे कळवायला लागली आणि आम्हा सगळ्यांना कचेरीत खुर्च्या मिळाल्या. आलेल्या तक्रारी वाचायच्या आणि पुढच्या टेबलाकडे सरकवायच्या. खुर्ची बरी होती, पण पाय स्वस्थ बसेनात. कुठला जिना अंधारा, कुठला कठडा डुगडुगतो, कुठल्या इमारतीचं खरं दार मागच्या बाजूला आहे, हे सगळं डोक्यात नुसतं पडून होतं. लेकीनेच माझ्या फोनवर शहराचा एक नकाशा घालून दिला.

"बाबा, हा नकाशा लोकच भरतात. तुला माहीत आहे ते सगळं इथे लिहीत जा. निदान जेवताना आम्हाला सांगणं तरी थांबवशील."

नाव काय घालू, असं तिने विचारलं. मी म्हटलं, "मीटरवाला." दुसऱ्याने म्हटलं तर कमीपणा, आपण घेतलं तर बिरुद.

२

नियम सोपे होते. कुणीही नोंद लिहायची. त्याच भागातल्या दुसऱ्या सदस्याने "बरोबर आहे" हे बटण दाबलं की ती पक्की. एकाच गोष्टीच्या दोन नोंदी झाल्या तर "दुहेरी" म्हणून तक्रार करायची. जिला होकार जास्त ती राहते, दुसरी पुसली जाते. अशा शंभरेक दुहेरी नोंदी मी पुसून घेतल्या असतील. केर काढल्याचं समाधान मिळायचं.

लोकांना उपयोग व्हायचा, हे खोटं नाही. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक बाई राहायच्या. शाळेत लेकीला शिकवायला होत्या. आता चाकांच्या खुर्चीत असायच्या. मी टेप घेऊन भागातली सगळी दारं मोजली, कुठे उतार आहे, कुठे नाही, लिफ्टचं दार किती रुंद, सगळं लिहिलं. एक दिवस बाई फाटकाशी भेटल्या आणि म्हणाल्या, "तुमच्यामुळे सात वर्षांनी वाचनालयात जाऊन आले हो." त्या दिवशी मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढलो.

आणि उलटंही पाहिलं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांवर रागावून कुणीतरी त्यांचा दवाखाना "कायमचा बंद" असा लिहिला. दुसऱ्या कुणी न बघता होकार दिला. मी ती नोंद दुरुस्त करेपर्यंत पंधरा दिवस गेले होते. आभार मानायला डॉक्टरांनी मला आत बोलावलं.

"तुम्हाला खरं सांगू? दार सताड उघडं होतं. दिवा चालू. मी याच खुर्चीत बसलेलो. माणसं पायरीपर्यंत यायची, फोनमध्ये बघायची, मग माझ्याकडे बघायची आणि परत जायची." ते हसले, पण हसू पुरतं आलं नाही. "नवव्या-दहाव्या दिवशी मलाच वाटायला लागलं की आपण बंद झालोय."

मी म्हटलं, "लोक असतातच मूर्ख." आणि घरी येऊन जेवायच्या आधी न वाचता चाळीस नोंदींना "बरोबर आहे" दाबलं. हेही कबूल करून टाकतो. प्रत्येक होकाराला गुण मिळायचा, आणि भागात पहिला नंबर टिकवायचा तर दिवसाला चाळीस तरी लागायचे. नोंद कुणाची हे होकार देताना दिसायचं नाही, आणि मी वाचायचोही नाही. अठरा वर्षांत डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक आकडा लिहिला नव्हता मी. खुर्चीत बसल्यावर वर्षभरात अंगठेबहाद्दर झालो.

३

मग तो आला. नाव "शेजारी". फोटोच्या जागी कोरा गोल.

पहिल्या आठवड्यात त्याने अकरा नोंदी लिहिल्या. मी कुचकटपणे वाचायला घेतल्या. चांगल्या होत्या. मी लिहायचो, "वाचनालय, पायऱ्या नऊ, उताराची वाट डावीकडे." तो लिहायचा, "उताराच्या वाटेवर दुपारी सावली असते, खुर्ची ढकलणाऱ्याला मध्ये दम खाता येतो." मी दार मोजायचो आणि तो दारातून आत जाणाऱ्या माणसाचा विचार करायचा.

कानामागून आली आणि तिखट झाली, म्हणतात ते हेच. महिन्याभरात तो दुसऱ्या नंबरावर होता. फाटकाशी बाई भेटल्या तेव्हा मी मुद्दाम विषय काढला.

"शेजारी ना? किती आपुलकीने लिहितो!" बाई म्हणाल्या. "तुमचं अगदी चोख असतं हं. पण त्याचं वाचलं की कुणीतरी सोबत चालल्यासारखं वाटतं."

चोख! मी हसून मान हलवली आणि वर येईपर्यंत माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. घरात शिरलो तर बायको लेकीला मोठ्याने काहीतरी वाचून दाखवत होती. त्याचंच. भाजीबाजाराच्या मागच्या बाकाबद्दल त्याने चार ओळी लिहिल्या होत्या.

"बघ ना, किती छान लिहिलंय," ती म्हणाली. माझं लिहिलेलं तिने कधी एकटीनेसुद्धा वाचलं नव्हतं.

"बाबाला हेवा वाटतोय," लेक म्हणाली.

"मला? त्या बिनचेहऱ्याच्या माणसाचा?" मी म्हटलं. वाटत होताच.

४

तो आमच्या इमारतीबद्दल लिहायला लागला तेव्हा मी आधी खूश झालो. म्हटलं, आता सापडला. इथलाच कुणीतरी दिसतोय.

त्याने लिहिलं होतं, "जिन्याची सातवी पायरी बोटभर उंच आहे. नवा माणूस अडखळतो. राहणाऱ्यांचे पाय आपोआप उचलले जातात."

हे खरं होतं. पण मी ते कधी लिहिलं नव्हतं, कारण ते मला माझं वाटायचं. एवढे जिने चढलो, त्यात ही एक खोड आमच्या जिन्याची. इमारतीतल्या सगळ्यांकडे मी निरखून बघायला लागलो. पहिल्या मजल्यावरचा बँकेतला? त्याला दोन ओळी लिहिता येत नाहीत. दुसऱ्यावरचे आजोबा? त्यांना फोनची भीती वाटते.

चार दिवसांनी कचेरीत डबा उघडताना पुढची नोंद वाचली.

"तिसरा मजला, उजवीकडचं दार. बेल पहिल्यांदा दाबली तर वाजत नाही, दुसऱ्यांदा वाजते. दुपारी चारला ऊन ओट्यावर येतं, तेव्हा इथे बसावं. पाच तारे."

तिसऱ्या मजल्यावर उजवीकडे आम्ही राहतो.

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला मी फोन दाखवला. तो म्हणाला, "बेल दुरुस्त करणारा आला असेल कधी. नाहीतर केबलवाला." बरोबरच होतं. डोकं ठिकाणावर असलेला माणूस असाच विचार करेल. मीही केला. पण चार वाजता आमच्या ओट्यावर ऊन येतं हे मला ठाऊक नव्हतं. त्या वेळी मी घरी कधी नसतोच. सुट्टीच्या दिवशीसुद्धा टेप घेऊन कुठेतरी दारं मोजत असतो.

डबा तसाच परत नेला.

५

रविवारी संध्याकाळी त्या नोंदीखाली एक फोटो आला.

आमचं स्वयंपाकघर. ओट्यापाशी बायको, पदराला हात पुसताना मागे वळलेली, आणि फोटो काढणाऱ्याकडे बघून हसतेय. नुसतं फोटोपुरतं हसू नव्हतं ते. डोळे बारीक करून, खालचा ओठ दाताखाली धरून, आता बोलशील तर मार खाशील असं. लग्नानंतर एक-दोन वर्षं ती माझ्याकडे बघून असं हसायची. ते हसू संपलं असं मी समजून चाललो होतो. संपलं नव्हतं. दुसऱ्या कुणासाठी ठेवलेलं होतं.

मी फोन तिच्यापुढे धरला.

"कोणी काढला हा?"

तिने बघितलं. "अय्या, टाकलास होय तू? मला विचारायचंस तरी. केस बघ कसे झालेत."

"मी टाकला?"

"मग कोणी? सकाळी तर काढलास. चादरीच्या घड्या झाल्यावर." ती परत कणीक मळायला लागली. "बाकी एक सांगू? हल्ली बरा वागतोस हं तू. पूर्वी चादरीचं दुसरं टोक धर म्हटलं की तुझं काहीतरी निघायचं. आता न सांगता धरतोस."

"मी सकाळी वाचनालयाच्या पायऱ्यांचे फोटो काढत होतो," मी म्हटलं.

"बरं बाबा, काढत होतास," ती म्हणाली, रुसलेल्या मुलाला म्हणावं तसं.

मी माझे फोटो उघडले. वाचनालय, अकरा वाजून वीस मिनिटं. नकाशावरचं स्वयंपाकघर, अकरा वाजून वीस मिनिटं. फोनची घड्याळं पुढेमागे असतात. बायको विसरली असेल. मला चिडवत असेल. अशी तीन-चार कारणं मी एकामागून एक मांडली, आणि प्रत्येक कारणाच्या मागे तिचं ते हसू दिसत होतं.

६

संशय घ्यायचा तर मी पद्धतशीर घेतो. दुसऱ्या दिवशी डोकं दुखतं सांगून तीन वाजता कचेरीतून निघालो आणि न कळवता घरी आलो. बायको एकटीच होती. ओट्यावर दोन कप, दोन्ही ओले.

"कोण आलं होतं?"

"कोण येणार? आपणच नाही का घेतला चहा?" मग माझ्या पायांकडे बघत म्हणाली, "आणि बूट घालून कुठे गेला होतास मध्येच?"

मी घर शोधलं. कपाटामागे, मोरीत, पलंगाखाली. लाज वाटत होती आणि थांबवत नव्हतं. तिचा फोन बघितला, त्यात काही नव्हतं. लेक कॉलेजमधून आली आणि मला गुडघ्यांवर बघून दारातच थांबली.

"बाबा, काय हरवलंय?"

सांगणार काय? मी म्हटलं, "पेन."

"मघाशी खाली फाटकाशी भेटलास तेव्हा तर किती मजेत होतास," ती म्हणाली. मी तासाभरात खाली गेलो नव्हतो.

संध्याकाळी खिडकीशी बसून मी त्याच्या सगळ्या नोंदी पहिल्यापासून काढल्या. असल्या नोंदींना होकार देतं कोण, ते मला बघायचं होतं. आमच्या घराच्या नोंदीत आणखी ओळी पक्क्या झालेल्या होत्या. "इथे तिघं राहतात. बरोबर आहे." "सुट्टीच्या दिवशी तो घरी असतो. बरोबर आहे." "त्याला बायकोच्या गोष्टी ऐकायला आवडतात. बरोबर आहे."

होकार देणाऱ्यांची नावं खाली होती. बाईंचं एक-दोन ठिकाणी, लेकीचं पाच-सहा ठिकाणी. बाकी सगळीकडे एकच नाव. मीटरवाला. मीटरवाला. मीटरवाला. दोनशे बारा वेळा.

रोज चाळीस, न वाचता. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारी माणसं मी बघितली आहेत, पण ती निदान धोंडा एकदाच उचलतात.

७

मी घाबरलो होतो. पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा मत्सर मोठा होता. भ्यालेला माणूस फोन बंद करून ठेवतो. मला ते सुचलंही नाही. माझ्या घरात बसून, माझ्या कपातून चहा पिऊन तो माझ्यापेक्षा चांगला ठरत होता, हे मला सहन होत नव्हतं.

मंगळवारी दुपारी कचेरीत मी तक्रार लिहिली. "शेजारी हा सदस्य वेगळा नाही. तो माझीच नक्कल आहे. मी बघितलेलं बघतो, माझ्या ठिकाणी जातो. आम्ही दोघं म्हणजे एकच माणूस, दोनदा नोंदलेला." खाली कारणांच्या यादीतून "दुहेरी" निवडलं आणि पाठवून दिलं. केर काढल्याचं ते जुनं समाधान क्षणभर मिळालं.

त्यानंतर मला नियम आठवला. जिला होकार जास्त, ती राहते.

तक्रार मागे घ्यायचं बटण मी शोधत होतो, तेवढ्यात उत्तर आलं. "आभारी आहोत. दुहेरी नोंद पुसली आहे." कुठली, ते लिहिलं नव्हतं. मी आत जायला गेलो तर नकाशाने माझं नाव विचारलं. मीटरवाला असं लिहिलं. असा सदस्य सापडला नाही, असं उत्तर आलं.

"घरी जाऊन येतो जरा," मी सहकाऱ्याला म्हटलं. त्याने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या खुर्चीकडे बघितलं, आणि नम्रपणे म्हणाला, "तक्रार द्यायची असेल तर खिडकी खाली आहे."

८

धावतच आलो. फाटकाशी बाई खुर्चीत बसल्या होत्या. मी हात केला. त्या फोनमध्ये वाचत होत्या आणि स्वतःशीच हसत होत्या.

जिना चढताना अडखळून हातांवर पडलो. उठून मागे मोजलं. सातवी पायरी होती.

तिसऱ्या मजल्यावर पोचलो तेव्हा चार वाजत आले होते. दाराआड बायकोचा आवाज येत होता. ती कुठलीतरी लांबलचक गोष्ट सांगत होती, मध्येच थांबून हसत होती, आणि कुणीतरी योग्य त्या जागी "हं" म्हणत होतं. ती गोष्ट मला माहीत असावी असं वाटलं. तिने मला सांगायला घेतली होती कधीतरी, मी घाईत होतो.

किल्ली माझ्या खिशात होती. ती हाताला लागलीही होती. तरी मी बेल दाबली. का दाबली ते सांगता येत नाही. वाजली नाही. पुन्हा दाबली, वाजली. आणि माझे पाय आपोआप दारापासून एक पाऊल बाजूला सरले.

बायकोने दार उघडलं. तिच्या हातात चादरीची दोन टोकं होती. बाकीची चादर तिच्यामागे स्वयंपाकघराच्या दारापर्यंत ताणलेली होती आणि तिच्यावर ऊन पडलं होतं. पलीकडे चादरीच्या वरच्या काठाशी दोन्ही कोपरे घट्ट धरलेली बोटं दिसत होती. खाली फरशीवर अनवाणी पाय. उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं. माझं काळं आहे, गेल्या वर्षी एका फाटकात सापडून पडलेलं. मधला माणूस चादरीआड होता, आणि त्याला काही घाई नव्हती.

मी तिचं नाव घेतलं असेन. घेतलं असं मला वाटतं. तिने माझ्या चेहऱ्याकडे नीट बघितलं, ओळख पटतेय का ते बघावं तसं. तिच्या कपाळावर बारीकशी आठी आली आणि मग ती मोकळी झाली. आठवलं तिला.

"अजून येता का तुम्ही?" ती चांगल्या स्वरात म्हणाली. "मला वाटलं, हल्ली आपोआप कळतं सगळं. ते बघा, तुमच्या डाव्या हाताला आहे."

चादर जराशी हलली. पलीकडून माझ्या आवाजात प्रश्न आला, "कोण आहे गं?"

तिने मान मागे वळवली. तिचे डोळे बारीक झाले होते, खालचा ओठ दाताखाली होता, आणि ते हसू दाराच्या फटीतून मला अर्धंच दिसलं.

"कोणी नाही," ती म्हणाली. "मीटरवाले आहेत."